हत्तीचा प्रश्न

आमच्या नाडकचेरीत आलेल्या माणसाला मॅडम पहिला प्रश्न हत्तीचा विचारायच्या.

नाडकचेरी म्हणजे तालुक्याच्या खालचं, आसपासच्या पंधरा-वीस गावांसाठीचं महसुली कार्यालय. आमचं दोन खोल्यांचं होतं. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला, वारसाची नोंद, सगळं तिथूनच सुरू व्हायचं. मॅडम केस वर्कर होत्या. आलेला अर्ज तपासून पुढे पाठवणं हे त्यांचं काम. कुणी कागद घेऊन समोर आलं की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता कन्नडात विचारायच्या, "निम मन्याग आनी अद एनु?" तुमच्या घरी हत्ती आहे का?

ज्याला कन्नड नीट यायचं तो हसायचा, नाहीतर चिडायचा. एक निवृत्त मास्तर बराच वेळ विचार करून "इल्ल," म्हणाले होते. म्हणजे नाही. जणू आधी गोठा आठवून बघितला. पण महाराष्ट्राच्या हद्दीकडच्या वाड्यांवरून आलेली आमची मराठी माणसं, विशेषतः म्हाताऱ्या बाया, हात जोडून, मान लववून म्हणायच्या, "हौदू." होय.

असं हौदू आलं की मॅडम पेनाला टोपण लावायच्या आणि मराठीत सुरुवात करायच्या. "बसा महाराज. आता सांगा, काय पाहिजे?"

त्या सगळ्यांनाच महाराज म्हणायच्या. बायांनाही, शाळेतल्या पोरांनाही, एकदा तर फोनवर गॅस एजन्सीच्या माणसालाही. त्यांचं घर कन्नड. पण वडील गाणगापूरच्या एका लॉजवर स्वयंपाकी होते, आणि लहानपणी त्या महाराष्ट्रातून दत्ताच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांना गरम पाण्याच्या बादल्या पोचवायच्या. त्यामुळे त्यांचं मराठी थोडं कोल्हापूरचं, थोडं पुण्याचं, थोडं सोलापूरचं आणि बरंचसं देवळातलं होतं. अर्जाची पोच हातात देताना त्या म्हणायच्या, "हा घ्या प्रसाद. हरवू नका." लोक पोच कपाळाला लावून घ्यायचे.

मी तिथे कंत्राटी डेटा ऑपरेटर होते. निंबर्ग्याजवळच्या एका वस्तीवरची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझं पदवीचं प्रमाणपत्र वडिलांनी काचेत बसवून भिंतीवर, बुद्धांच्या तसबिरीच्या शेजारी लावलं होतं. ही गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात कौतुकाने सांगितली आणि चूक केली, कारण त्या दिवसापासून माझं नाव गेलं. "ए डिग्री, प्रिंटरला कागद घाल." "डिग्री, ह्या महाराजांचं आधार बघ." लोकही मला डिग्री मॅडम म्हणू लागले. एका आजोबांना बरेच दिवस ते माझं आडनावच वाटत होतं.

मी एकदा विचारलं, "मॅडम, हत्तीच का? गाय विचारली तर?"

"गाय असते की कुणाकडं तरी. हत्ती असलेला माणूस नाडकचेरीत येत नाही."

मग म्हणाल्या, "मान हलली म्हणजे उत्तर आलं असं धरू नको. इथं लोक कन्नडाला हौदू म्हणत नाहीत. टेबलाला म्हणतात."

हे खरं होतं. बाजारातलं कन्नड आमच्या सगळ्यांना येतं. भाव, बस, उधार, शिव्या. बाजारच्या दिवशी याच बाया कन्नड दुकानदाराला घाम फोडतात. पण तेच कन्नड टेबलाच्या पलीकडून, छापील वाक्यात, शिक्क्यासकट आलं, की त्यांना शब्द ऐकूच येत नाहीत. ऐकू येतो तो साहेबाचा आवाज. आणि साहेबाला नाही म्हणायचं नसतं. माझी आजी दवाखान्यात डॉक्टरलाही हौदू म्हणायची आणि घरी येऊन गोळ्यांची पुडी माझ्यापुढे टाकायची, "बघ गं, काय म्हणलं त्यानं."

मॅडमच्या बाकीच्या खोडीही याच दिशेच्या होत्या. वाडीवर चौकशीला जाताना त्या एक लाकडी स्टूल बरोबर न्यायच्या, बसच्या टपावर टाकून. लोकांना वाटायचं, मॅडमना बसायला. त्या स्टुलावर ज्याची चौकशी त्याला बसवायच्या आणि स्वतः उभ्या राहायच्या. पहिल्यांदा बसणारा माणूस असा अवघडून बसायचा की जणू खाली विंचू आहे. आणि काम संपेपर्यंत कुणाच्या घरचा चहा घ्यायच्या नाहीत. "चहा दिला की माणूस पाहुण्याशी बोलतो महाराज, सरकारशी नाही. पाहुण्याला कोण खरं सांगतं?"

एकदा काही तरुण पोरं आली, मराठी वाडीवरचीच. बोर्डावर मराठी का नाही, म्हणून घोषणा द्यायला लागली. त्याच वेळी आमच्याच कार्यालयातल्या एकाने मॅडमना टोमणा मारला, "जाऊन महाराष्ट्रात बदली घ्या की." मॅडमनी दोघांना एका दमात उत्तर दिलं. पोरांना म्हणाल्या, "बोर्डाचं नंतर बघू. तुमच्यातल्या कुणाकुणाच्या आजीच्या वारसाची नोंद झाली नाही, ते आधी सांगा. तुम्ही अर्ज वाचून दाखवायला बसा, मी सही करते." पोरांपैकी दोघं खरंच बसली. आणि सहकाऱ्याला म्हणाल्या, "कन्नड माझ्या आईची भाषा आहे. तिच्यात लिहिलेल्या कागदानं कुणाचं घर बुडावं, हे मला चालायचं नाही. तुला चालत असेल तर तुझं प्रेम कमी पडतंय."

आता माझ्या चुकीचं सांगते. तिच्याशिवाय मॅडमचं चित्र पुरं होत नाही.

आमच्या हद्दीत रस्त्याकडेला एक वाडी आहे. तीसेक घरं. निम्मी धनगरांची, निम्मी आमच्या बौद्ध समाजाची. पत्र्याची, काही मातीची. जागा सरकारी. दोन-तीन पिढ्या तिथं जन्मल्या, पण कागदावर वाडी नव्हतीच. मग अशा वाड्यांवरच्या घरांना हक्कपत्र द्यायचं ठरलं, म्हणजे राहत्या जागेची मालकी. त्यासाठी पाहणी करायची होती. घरोघर जाऊन टॅबलेटवर सात प्रश्न भरायचे. मॅडम तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. मला पाठवलं.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, पदरचं काही घालायचं नाही. तालुक्याचे एक अधिकारी माझ्या मागे उभे होते. मला हायस्कूलमध्ये कन्नड बोलताना पोरं हसायची. त्या दिवशी मी इतकं शुद्ध कन्नड वाचलं की अधिकारी "छान" म्हणाले. एका दुपारीत सगळी वाडी झाली. पाचवा प्रश्न होता, ह्या जागेशिवाय तुमचं दुसरीकडे स्वतःचं घर आहे का? घरामागून घर उत्तर आलं, हौदू. मी खूण करत गेले.

मला शंका आली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. तिसऱ्या-चौथ्या घरालाच आली होती. पण आमच्याकडे प्रत्येकाचं कुणी ना कुणी हद्दीपलीकडे, उमरग्याकडे नाहीतर उदगीरकडे असतंच. असेल एखादी खोली तिकडं, असं मी मनाला सांगितलं. मागे साहेब उभे होते. आणि मी छान वाचत होते.

दोन-अडीच महिन्यांनी धोंडाबाई नाडकचेरीत आली. वाडीतली सगळ्यात म्हातारी, एकटी राहणारी, एका शेळीची मालकीण. मॅडम रजेवरून नुकत्याच परत आल्या होत्या, एका डोळ्याला हिरवी पट्टी. धोंडाबाईच्या हातात नोटीस होती. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. धोंडाबाई म्हणाली, "हौदू." मॅडमनी टोपण लावलं, नोटीस घेतली, वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. वाडीतलं एकही घर पात्र नव्हतं. कारण: दुसरीकडे स्वतःचं घर आहे. जागा महिनाभरात मोकळी करायची, तिथं धान्याचं गोदाम होणार.

"महाराज, तुमचं दुसरं घर कुठं आहे?"

"दुसरं? कुनाचं?"

"तुमचं. तुम्ही लिहून दिलंय, दुसरं घर आहे म्हणून."

"मी कशाला दीन लिहून? माझं हे एक हाय, त्याचं बी पत्रं उडायलंय."

"मग कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

धोंडाबाईने माझ्याकडे बोट केलं, आणि ते बोट मायेचं होतं. "ही पोरगी की. लई ग्वाड बोलली."

"काय विचारलं तिनं?"

"काय की. कन्नडात इचारलं. मी म्हनलं हौदू. आपल्यातलं लेकरू येवढं शिकून आलंय, चार मान्सात हुबं ऱ्हाऊन इचारायलंय, त्याला न्हाई कसं म्हनावं?"

मी संगणकाच्या मागे होते. पडद्यावर काय होतं ते मला आठवत नाही. मॅडम माझ्यावर ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "डिग्री, हत्ती आता तुझ्या घरी आला."

त्याच दिवशी त्या तालुक्याला गेल्या. संध्याकाळी तोंड पाडून आल्या. साहेब, पाहणीला माझ्या मागे उभे होते तेच, वाईट नव्हते, पण यादी वर गेली होती, संगणकात तिला कुलूप लागलं होतं, आणि तीस घरांनी एकच उत्तर दिल्यावर ते चुकीचं कसं म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. मॅडम हटल्या नाहीत. रोज फोन. चौथ्या दिवशी साहेब कंटाळून म्हणाले, बरं, येतो वाडीवर, दाखवा मला लोकांना कळत नाही ते.

मॅडम इतक्या खुशीत मी कधी बघितल्या नव्हत्या. जीपमधून उतरलेल्या साहेबांना त्यांनी पारावर बसवलं. वाडी गोळा झाली. "आता बघा सर," म्हणाल्या, आणि सगळ्यांकडे वळून, संथ, स्पष्ट कन्नडात त्यांनी आपला प्रश्न विचारला. तुमच्या घरी हत्ती आहे का?

मग बायकांत खसखस पिकली, आणि सगळी वाडी एका सुरात ओरडली, "इल्ल!"

पोरं तर नाचायलाच लागली. मागून एका म्हाताऱ्याने पुस्ती जोडली, "अक्का, हत्ती कामून ठिवावं आमी? आमालाच जागा न्हाई!"

मॅडमच्या हत्तीची कीर्ती एव्हाना वाड्यावाड्यांवर पोचली होती. ज्याला त्याला ठाऊक झालं होतं, की अक्का हे विचारते आणि याला इल्ल म्हणायचं असतं. धोंडाबाईने तर आपण कशाला हौदू म्हटलं ते कळल्यावर घरी जाऊन स्वतःची फजितीच सगळ्यांना रंगवून सांगितली होती. लोकांना वाटलं, साहेबांपुढे अक्काची शान राखली.

साहेब पोट धरून हसले. "मॅडम, चांगलं कन्नड येतं की यांना," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

जीप गेल्यावर मॅडम स्टुलावर बसल्या. त्या स्टुलावर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. बाया भोवती उभ्या, चेहरे उजळलेले. धोंडाबाई म्हणाली, "बराबर म्हनलं न्हवं अक्का?"

"बरोबर म्हणलात महाराज," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी झाली. मी तुम्हाला खेळ शिकवला आणि मला वाटलं, परीक्षा घेतली."

दुसऱ्या दिवसापासून हत्ती बंद. पुन्हा कधी कुणाला विचारला नाही. नोटिशीतले दिवस मात्र संपत होते.

नियमांचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी तालुक्याहून मागवलं आणि दुखऱ्या डोळ्याने दोन दिवस वाचलं. तिसऱ्या दिवशी मला बोलावून एक कलम दाखवलं. पाहणी पुन्हा उघडता येते, पण ज्याने पाहणी केली त्याने स्वतः लिहून दिलं तर. माहिती घेण्यात माझ्याकडून चूक झाली, असं, सहीनिशी.

"मी तुला लिही म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझं कंत्राट वर्षाचं आहे. असा कागद दिल्यावर पुढचं वर्ष मिळेलच असं नाही. घरी विचार. मी दुसरा रस्ता शोधत राहते."

दुसरा रस्ता नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

घरी आई आधी चिडली. "तुलाच कामून? त्या सायबानं बी ऐकलंच की तितं हुबं ऱ्हाऊन." मग रडली, कारण माझ्या पगारावर भावाचं आयटीआय चालू होतं. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर राबले, अंगठ्याने व्यवहार केले. शेवटी एवढंच म्हणाले, "म्या असलो असतो तितं, तर म्या बी हौदूच म्हनलो असतो." आणि उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. मी रात्रीचं जेवण व्हायच्या आत कागद लिहिला.

मॅडमनी तो वाचला, एक शब्दही बदलला नाही. पण तालुक्याला पाठवायला तयार होईनात. "आधी वाडीवर वाच. मराठीत. ज्यांच्याबद्दल कागद आहे त्यांनी तो साहेबाच्या आधी ऐकला पाहिजे."

नोकरी घालवण्यापेक्षा मला ते अवघड गेलं. पारापुढे उभी राहून मी वाचलं. मला मराठी येत असूनही मी कन्नडात विचारलं. उत्तरं खरी नसावीत असं वाटूनही मी खूण केली. वाचून झालं. कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या.

"म्हंजी चूक तुझी?" धोंडाबाईने विचारलं.

"व्हय आजी."

"आन आमची?"

"तुमची न्हाई."

"जरा आमची बी हाय," ती म्हणाली. "सायेब बगितला की जीभ आपली ऱ्हात न्हाई." मग मॅडमकडे बघून, "अक्का, हिची नौकरी ऱ्हाती का?"

"सांगता येत नाही महाराज."

"मंग आमाला नीट बोलाय शिकवा. पोरीचं फुकट जाऊ देऊ नगा."

पाहणी पुन्हा उघडली. या वेळी साहेब स्वतः येऊन प्रत्येकाला विचारणार होते, आणि मॅडमना आठवडा मिळाला. त्या आठवड्यात त्यांनी वाडीला नाही म्हणायची तालीम दिली. कामावरून लोक परतले की संध्याकाळी स्टूल मांडायचं, एकेकाला बसवायचं, आणि मॅडम साहेब व्हायच्या, टॉवेल खांद्यावर टाकून.

"ही वाडी गेल्या वर्षी वसली ना?" "न्हाई सायेब." "जोरात!" "न्हाई सायेब!" पुरुषांना जमत होतं. धोंडाबाईला नाही.

"मी फार म्हातारी दिसते ना महाराज?" मॅडमनी सोप्यापासून सुरुवात केली.

"न्हाई न्हाई!" धोंडाबाई म्हणाली.

"शाबास. तुमचं जेवण झालं नाही ना अजून?"

"झालंय की."

"बरं. तुमची शेळी मला देऊन टाकता का?"

धोंडाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सगळी वाडी श्वास धरून. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "...न्या की अक्का."

"अहो, गेली की शेळी!" मॅडमनी कपाळावर हात मारला. लोक हसून हसून लोळले, धोंडाबाईही हसली. पण मॅडम हसल्या नाहीत. वाकून तिच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "महाराज, शेळी मागितली तर देता, म्हणून घर गेलं तुमचं. पुन्हा विचारते. शेळी देता का?"

सहा संध्याकाळी त्यांनी तिची शेळी मागितली. पाच वेळा धोंडाबाईने देऊन टाकली.

साहेब आले त्या दिवशी मॅडमनी एकच विनंती केली, प्रश्न मराठीतून सांगितला जावा आणि उत्तर माणसाच्या स्वतःच्या शब्दांत, मराठीत, कन्नडाच्या शेजारी लिहिलं जावं. साहेबांनी मान्य केलं. मी टॅबलेट बाजूला ठेवून वही घेतली. माणसं एकेक करून स्टुलावर बसली. न्हाई सायेब. न्हाई सायेब. धोंडाबाईची पाळी आली. साहेब खुर्चीवर, ती स्टुलावर, दोघांची डोकी एका उंचीवर. मी प्रश्न सांगितला, "आजी, ह्या जागेशिवाय तुमचं दुसरीकडं घर हाय का?"

ती साहेबांकडे बघत राहिली. हात जोडायला निघाले होते, ते तिने मांडीवर दाबून धरले. "न्हाई," म्हणाली. आणि एकदा म्हटल्यावर तिची जीभ थांबेना. "न्हाई सायेब. कुटंच न्हाई. सासऱ्यानं हितंच कुड घातलं, नवरा हितंच गेला. माहेरात बी न्हाई. गोदाम बांदायचं तर दुसरीकडं बांदा." मी सगळं लिहिलं. साहेबांनी तेही कन्नडात उतरवून घेतलं, गोदामासकट.

माझं कंत्राट मार्चअखेर संपलं ते पुढे वाढलं नाही. मॅडमना त्याच उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला, थेट दक्षिणेला, कॉफीच्या मळ्यांकडे. निघायच्या दिवशी मी बस स्टँडवर त्यांच्या ट्रंकेजवळ उभी होते. मला वाटलं, काही मोठं बोलतील. म्हणाल्या, "ग्राम लेखापालाची, म्हणजे तलाठ्याची, परीक्षा दे. कन्नड तुझं चांगलं आहे. मी ऐकलंय ते, छान वाचतेस." आणि खिडकीतून मोठ्याने हसल्या. त्या परीक्षेत मी दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. आज ज्या होबळीत, म्हणजे ज्या नाडकचेरीच्या हद्दीत, मी आहे तिथे बरेच लोक तेलुगू बोलणारे आहेत. मी तेलुगू शिकते आहे, लोक मला हसतात, आणि मी त्यांना बसायला सांगते. हे सगळं मी कुणाकडून घेतलं, ते तिथे कुणाला माहीत नाही. म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

हक्कपत्रं वाटली गेली तेव्हा मी बेकार होते. मांडव, हार, माईक, मोठी माणसं. मॅडम रजा काढून, रात्रभर बसचा प्रवास करून आल्या होत्या आणि सगळ्यात मागे उभ्या होत्या. त्यांना व्यासपीठावर कुणी बोलावलं नाही, आणि त्यांनाही तिकडे जायचं नव्हतं. पहिलं नाव धोंडाबाईचं पुकारलं. ती वर गेली. साहेबांनी हक्कपत्र पुढे केलं, फोटोवाला तयार झाला, शाईचा डबा उघडला. धोंडाबाईने कागद घेतला, उलटसुलट बघितला, आणि परत साहेबांच्या हातात ठेवला.

"आदी वाचा," ती म्हणाली. माईक चालू होता, त्यामुळे सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "मराटीत वाचा. मंग आंगटा."

कुणीतरी घाईने म्हणालं, "आजी, कार्यक्रमाला उशीर होतोय. तुमचंच आहे ते, घ्या."

"न्हाई," धोंडाबाई म्हणाली.

साहेबांनी मांडवात नजर फिरवली. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी हाताची घडी घातली होती, हनुवटीने नुसतं व्यासपीठाकडे दाखवलं. मी वर गेले. साहेबांनी कागद माझ्या हातात दिला आणि माईकपासून बाजूला झाले.

मी वाचलं. मालकाचं नाव, धोंडाबाई. जागा लांबीला इतकी, रुंदीला इतकी. पूर्वेला रस्ता. पश्चिमेला लिंबाचं झाड आणि पडीक. उत्तरेला शेजारणीचं घर, तिच्या नावासकट. दक्षिणेला बोळ. ही जागा वरील व्यक्तीच्या मालकीची असून तिच्या पश्चात तिच्या वारसांची राहील.

धोंडाबाई डोळे मिटून ऐकत होती. वाचून संपलं तरी तिने शाईकडे बोट नेलं नाही.

"परत एकदा वाच," म्हणाली.

"काय कळलं न्हाई, आजी?"

"कळलं की सगळं," ती म्हणाली. "पुन्यांदा ऐकायचंय."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. तिच्या मागे तीस माणसं रांगेत उभी होती, आणि कुणालाच घाई नव्हती.